विंचवाच्या बिल्ल्यामागची फियाट

‘अबार्थ ५९५’ म्हणून विकायला काढलेली गाडी समोर आली की तिच्या नाकावरचा विंचू मी सगळ्यात शेवटी बघतो. अबार्थ म्हणजे साध्या फियाट घेऊन त्या वेगवान करून विकणारी तोरिनोची कंपनी, आणि विंचू हा तिचा बिल्ला. तो बिल्ला इटलीत जुन्या सुट्या भागांच्या कुठल्याही बाजारात मिळतो. आधी कागद, मग इंजिनावर ठोकलेला नंबर, मग पत्रा. तोरिनोमध्ये मी जुन्या छोट्या फियाट घेणाऱ्यांच्या वतीनं गाड्या तपासतो. चिंचवडहून इथल्या पोलितेक्निकोत, म्हणजे तंत्रविद्यापीठात, शिकायला आलो, एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली आणि याच कामात रमलो. घेणारे बहुतेक जर्मन, डच, स्विस. फोटो बघून भाळलेले आणि पैसे पाठवायला निघालेले. त्यांना वेळेवर थांबवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

त्या वेळचं गिऱ्हाईक मात्र मराठी होतं. मूळचे नाशिकचे, आता श्टुटगार्टला स्थायिक झालेले एक निवृत्त इंजिनिअर. ओळखीतून फोन आला आणि बोलता बोलता ‘सर’चे ‘काका’ झाले.

“अरे, आमच्याकडे कुर्ल्याची अकराशे होती,” ते म्हणाले. “वडिलांनी जिवापाड सांभाळली. फियाट म्हटलं की मी गेलोच कामातून. पण अकराशे ठेवायला इथे जागा नाही. छोटी पाहिजे. आणि घ्यायचीच तर अबार्थ.”

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली अकराशे, म्हणजे फियाट ११००, आणि इटलीची पाचशे, म्हणजे फियाट ५००, दोन्ही मुळात दान्ते जाकोझा या एकाच इंजिनिअरच्या हाताखाली घडल्या. त्यामुळे काकांचा ओढा मला पटकन कळला. अबार्थचा हट्ट मात्र मला काळजीत टाकणारा होता.

त्याचं कारण असं. फियाट ५०० जुलै १९५७ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ४ लाख ९० हजार लिरा होती आणि मागच्या बाजूला हवेवर थंड होणारं ४७९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं. तीन मीटरच्या आत बसणारी, गरिबाला परवडावी म्हणून काढलेली गाडी. १९६० च्या ‘५०० डी’मध्ये इंजिन ४९९.५ सीसीचं झालं. मग १९६३ मध्ये कंपनीचा मालक कार्लो अबार्थनं हीच गाडी घेऊन सिलिंडरचा व्यास ६७.४ वरून ७३.५ मिलिमीटर केला, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, होता तोच ७० मिलिमीटर ठेवला, आणि ५९३.७ सीसीची ‘५९५’ काढली. ताकद सतरा-अठरावरून सत्तावीस हॉर्सपॉवर, वेग ताशी १२० किलोमीटर. वृश्चिक ही अबार्थची जन्मरास, म्हणून बिल्ल्यावर विंचू.

पण अबार्थ तयार गाड्या विकायचा तसे सुटे संचही विकायचा. लाकडी पेटीत पिस्टन, सिलिंडर, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट असं सगळं भरून. कोणीही ती पेटी आणून गावातल्या मेकॅनिककडून आपल्या साध्या पाचशेला बसवून घ्यावी. म्हणजे एक तोरिनोत अबार्थच्या कारखान्यातून निघालेली ५९५, दुसरी पेटीवाली. आणि तिसरा प्रकार म्हणजे सरळ फसवणूक. १९७२ मध्ये आलेल्या फियाट १२६ च्या इंजिनाचं मापही ७३.५ बाय ७० च आहे! भंगारातल्या १२६ चं इंजिन काढा, पाचशेत बसवा, खाली ‘अबार्थ’ अक्षरं ओतलेला अॅल्युमिनियमचा ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, लावा, मागचं झाकण अबार्थसारखं अर्धं उघडं ठेवा, झाली ५९५. बाहेरून आवाजही तसाच येतो. अशा गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की ‘अबार्थ’ शब्द ऐकला की माझा पहिला विचार संशयाचाच असतो.

काकांनी पाठवलेली जाहिरात कुनेओ जिल्ह्यातली, मोंदोवीजवळच्या एका गावातली. १९६४ ची, पांढरट रंगाची, दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असलेली. ही उलटी दारं डीची ओळख, १९६५ च्या ५०० एफपासून ती गेली. किंमत साध्या डीच्या दुपटीहून जास्त लावली होती.

गाडी उभी होती ते एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. वर्कशॉप वडिलांचं, गाडीही वडिलांचीच. जाहिरात भाच्यानं टाकलेली, तोही हजर होता आणि माझ्याआधी तोच बोलत होता. मी त्याला हसून नमस्कार केला आणि लिब्रेत्तो मागितलं. लिब्रेत्तो म्हणजे गाडीचं पुस्तक, जुन्या पद्धतीचं, पानापानांचं. त्यात इंजिन ४९९.५ सीसी. अबार्थचं नाव कुठेही नाही. मालकीच्या नोंदींचा उतारा मी आधीच सरकारी वाहन नोंदणीतून काढून आणला होता. त्यात वडील, आणि वडिलांनंतर लेक. साठ वर्षांत गाडी घराबाहेर गेली नव्हती. अशी नोंद या धंद्यात विरळा.

मग मी गालिचे उचलले. पाचशेमध्ये पैसा बुडतो तो इंजिनात नाही, तळपत्र्यात. छपराचं कापड गळतं, पाणी गालिच्याखाली साचतं आणि वरून काही दिसत नाही. पुढच्या डिकीत पेट्रोलची टाकी, स्टेपनी आणि बॅटरी एकत्र असतात. बॅटरीचं अॅसिड सांडून खालचा पत्रा खाल्ला जातो, त्यावर कोणी काळा डांबरी लेप फासतो आणि गाडी ‘रिस्टोअर केलेली’ म्हणून विकली जाते. मी लोहचुंबक फिरवला, जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरनं दाबून बघितल्या, दार उघडं धरून खालून उचललं. उलट्या दारांच्या बिजागऱ्या झिजल्या की दार हातात खालीवर होतं. हे दार जागचं हललं नाही. चालकाच्या पायाखाली एक ठिगळ होतं, पण ते वेल्डिंग इतकं स्वच्छ होतं की करणाऱ्याला लपवायचं नव्हतं हे कळत होतं. वडिलांनीच केलेलं, असं बाई म्हणाल्या.

मागचं झाकण उघडलं. कार्ब्युरेटर सोलेक्स २८. मूळ पाचशेला वेबर असतो. संप अबार्थचा, एक्झॉस्ट अबार्थचा. १२६ चं इंजिन असेल अशी तयारी ठेवूनच मी चिंधीनं केसिंगवरचं तेल पुसलं आणि टॉर्च मारला. ‘११० डी.०००’ आणि पुढे नंबर. १२६ चं असतं तर तिथे १२६ असतं. अक्षरं मूळ ठशाची, आजूबाजूला घासल्याची खूण नाही. तेव्हा उलगडा व्हायला मला जरा वेळ लागला. इंजिन डीचंच, पण पोटात वेगळं काही भरलेलं.

मग बिल्ला बघितला. नखानं कड उचलली तर खाली दुहेरी चिकटपट्टी, अजून ओलसर वाटावी इतकी नवी. भाचा दुसरीकडे बघू लागला.

“हा तुमच्या वडिलांनी लावला?” मी बाईंना विचारलं.

“नाही. पप्पा तिला नुसतं ‘चिंक्वेचेंतो’, पाचशेच म्हणायचे.”

“मग हे इंजिनाचं काम कोणी केलं?”

“त्यांनीच. मी लहान होते. आई खूप चिडली होती पैशांवरून.” एवढं बोलून त्या आत गेल्या आणि वर्कशॉपची एक जाडजूड वही घेऊन आल्या. मेकॅनिक लोक ठेवतात तशी, कोणाच्या गाडीला काय लावलं, किती घेतले. १९६६ च्या वसंतात स्वतःच्या गाडीची नोंद होती. अबार्थचा संच, रक्कम, बसवायला लागलेले दिवस. त्याच पानाला टाचणीनं अडकवलेली पावती, तोरिनोच्या कोर्सो मार्केवरच्या अबार्थच्या पत्त्याची. शाई फिकट जांभळी झालेली, पण आकडे वाचता येत होते.

“आणि काढलेले भाग?” मी विचारलं. उत्तराची मला फारशी आशा नव्हती.

त्यांनी फळीकडे बोट केलं. लाकडी पेटी. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले मूळ वेबर कार्ब्युरेटर, दोन्ही जुने सिलिंडर, मूळ संप, सायलेन्सर. ग्रीस लावून ठेवलेले. ज्या पेटीतून अबार्थचं सामान आलं त्याच पेटीत त्या माणसानं फियाटचं सामान जपून ठेवलं होतं, कारण चांगला मेकॅनिक काही फेकत नाही. मी तिथेच खाली बसलो आणि एकेक भाग उलगडून फोटो काढले. इतक्या वर्षांच्या कामात इतकी पूर्ण गाडी माझ्या हाती आली नव्हती.

काकांना फोन लावला. ऐकून ते हिरमुसले. “म्हणजे खोटी निघाली?”

“खोटी नाही, काका. अबार्थच्या कारखान्यातून निघालेली नाही, एवढंच. खरी १९६४ ची डी आहे, एका घरातली. संचही खरा, त्या काळातला, पावतीसकट.”

“पण कागदावर अबार्थ नाही ना?”

“नाही. आणि येणारही नाही. म्हणून अबार्थच्या भावात घेऊ नका. पण सोडूही नका.”

मग मी त्यांना जर्मनीच्या नियमाची आठवण करून दिली. तिथे तीस वर्षांवरच्या गाडीला ‘एच’ नंबर, म्हणजे ऐतिहासिक गाडीचा नंबर, मिळतो, पण गाडी मूळ स्थितीत हवी. फेरफार चालतात ते त्या काळातले, म्हणजे पहिल्या नोंदणीपासून दहा वर्षांच्या आत केलेले. १९६६ ची पावती आणि वहीतलं पान म्हणजे नेमका तोच पुरावा. उद्या कोणी पाचशेत १२६ चं इंजिन घालून नेली तर तपासनीस हजार प्रश्न विचारेल. या गाडीला उत्तरं तयार आहेत. “तुम्ही इंजिनिअर आहात,” मी म्हटलं, “तुम्हाला बिल्ला हवाय की काम?”

काका थोडं थांबले. “वहीचं पान मला व्हॉट्सअॅपवर टाक,” म्हणाले. ते बघून त्यांचा सूर बदलला.

किमतीचं बोलणं मात्र अवघड गेलं. भाच्यानं इंटरनेटवरच्या ५९५ चे भाव दाखवले. मी त्याला कारखान्यातल्या गाडीचे कागद कसे असतात ते समजावलं आणि बाईंकडे वळलो. तुमच्या वडिलांनी जे केलं त्याला दुसरं नाव देऊन विकलं, तर पहिलाच जाणकार ते उघडं पाडेल, आणि मग या खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवणार नाही, असं मी त्यांना म्हटलं. मनापासून म्हटलं. जुन्या गाडीच्या धंद्यात सगळ्यात मोठं नुकसान अशा खऱ्या गाड्यांचंच होतं, कारण नकली अबार्थनी सगळ्यांवरचा विश्वास उडवलाय. बाईंनी भाच्याला गप्प केलं आणि स्वतःच आकडा सांगितला. चांगल्या डीच्या भावापेक्षा थोडा वर. तो मला रास्त वाटला, काकांनाही.

करारात मी मजकूर असा घालायला लावला: फियाट ५०० डी, १९६४, पहिल्या मालकानं १९६६ मध्ये अबार्थचा संच बसवलेली, मूळ भाग पेटीसह. वही द्यायला बाई तयार नव्हत्या आणि ते बरोबरच होतं. त्या गावच्या नगरपालिकेत जाऊन पानाची आणि पावतीची साक्षांकित प्रत करून घेतली. चिकटवलेला बिल्ला भाच्याच्या हातात दिला.

श्टुटगार्टला तपासनिसानं गाडीपेक्षा त्या प्रतीच जास्त वेळ वाचल्या, असं काकांनी नंतर कळवलं. एच नंबर मिळाला. सध्या त्यांची झटापट गिअरबॉक्सशी चालू आहे. पाचशेच्या गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी सोय, नाही; खालचा गिअर टाकताना डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो. परवा त्यांनी विचारलं, १२६ चा सोपा गिअरबॉक्स बसवून घेऊ का? मी म्हटलं, काका, अजिबात नाही. महिनाभर सराव करा.