दुर्बीण

गुरुवार, रात्रीचे साडेदहा, बोटीवर

झोप येत नाही. इंजिनाची घरघर आहेच, पण त्यामुळे नाही.

सकाळी पकाया-समिरियात, पेरूतल्या ॲमेझॉनच्या राखीव जंगलात, शिरलो तेव्हा किती खूश होते! शांशो पक्षी दिसला. विस्कटलेला तुरा, या फांदीवरून त्या फांदीवर जातानाही धडपड. पिल्लांच्या पंखांना म्हणे नख्या असतात. मग गुलाबी डॉल्फिनची पाठ, दोनदा. दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतलीच नाही. तशीच ती काठाकाठानं सरकत खांबांवरच्या एका घराशी आली. एक बाई फळीवर बसून कपडे धूत होती. मी फोकस नीट केला. हो, केला. तिनं मान वर केली, कपाळावर आडवा हात धरून थेट माझ्याकडे पाहिलं आणि कपडे तसेच टाकून आत गेली.

लहानपणी आमच्या आगराशी गाड्या थांबवून लोक रहाटाशी उभ्या आजीचे फोटो काढायचे. ती पदर सावरत पडवीत यायची, दार लावून घ्यायची. त्या लोकांचा मला इतका राग यायचा.

इतकी वर्षं पैसे साठवून आले ते हे मनात घेऊन परतायला? आई असती तर... जाऊ दे.

दुपारी त्याच गावात नेलं. बायकांनी चांबिरा नावाच्या ताडाच्या धाग्यांच्या टोपल्या मांडल्या होत्या. ती त्यांच्यात होती का? ओळखता आलं नाही. भिंगातून एवढं जवळून बघितलं आणि चेहराच आठवत नाही.

गाइड सांगत होता, 2024 मध्ये नौताच्या न्यायालयानं मारान्योन नदीचे स्वतःचे हक्क मान्य केले. तेलगळतीनं पाणी नासत होतं म्हणून इथल्या कुकामा आदिवासी बायकांनीच तो खटला लढवला. मी मान डोलावली, वर बघवलं नाही.

टोपलीतला पिवळा रंग कशाचा, विचारलं. एका आजींनी कंद मोडून पुढे केला. हळद! मी हुंगली, तशीच कपाळाला लावली. त्या हसल्या, मग शेजारच्या दोघी. टोपली घेतली, भाव केला नाही. वहिनी रागावली.

त्यानं सकाळचं पुसलं जात नाही. ती बाई आत गेली ती गेलीच.

पहाटे पाचला पुन्हा होडी. दुर्बीण नेणार, माकडं बघायची आहेत. घरं आली की ती गळ्यातच राहील, मी नुसता हात करीन. कुणी उलट केला तर केला.