सही व्हायच्या आधी विचारा

'नवऱ्याला परदेशी पोस्टिंग मिळतंय, मीही जाणार आहे. तिकडे मला नोकरी मिळेल ना?' हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. अलीकडे बायकोबरोबर निघालेल्या दोघांनीही विचारला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नोकरीचं नंतर बघू. आधी हे बघा, की तुमच्या व्हिसावर काम करता येतं का. आणि हे बघायची वेळ जोडीदाराने ऑफर लेटरवर सही करायच्या आधीची. सही झाली की कंपनीला तुमचं ऐकायची गरज उरत नाही.

नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना) जोडीदाराला कुठलीही नोकरी करता येते. जपानमध्ये डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या आधारे मिळालेल्या व्हिसावर, कामासाठी वेगळी परवानगी काढावी लागते, तीही सहसा आठवड्याला २८ तासांपुरतीच. अमेरिकेत एल-१ वर (आपल्याच कंपनीच्या तिथल्या ऑफिसात बदली झाल्यावर मिळणारा व्हिसा) गेलेल्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही. एच-१बी वाल्याच्या (तिथल्या कंपनीने तज्ज्ञ कामासाठी घेतल्यावर मिळणारा व्हिसा) जोडीदाराला मात्र ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेल्याशिवाय परमिट मिळत नाही, आणि तेही २०१५ पासूनच सुरू झालं. म्हणजे एकाच ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाच्या घरी दोन पगार येऊ शकतात आणि दुसऱ्याच्या घरी एकच. सिंगापूरने तर १ मे २०२१ पासून नियमच बदलला. आधी डिपेंडंट पासवर संमतीपत्र घेऊन नोकरी करता यायची, आता नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. म्हणून काही वर्षांपूर्वी गेलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नका, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. 'इथलीच नोकरी तिकडून ऑनलाइन करीन' असं ठरवलं असेल, तर तेही तपासा. बऱ्याच देशांत ते तिथेच केलेलं काम धरतात, आणि कर कुठे भरायचा हा प्रश्न येतो तो वेगळाच.

मी जर्मनीत गेले, म्हणजे परवानगीच्या बाबतीत मला अडचण नव्हती. तरी अडले, कारण मी फिजिओथेरपिस्ट. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट या कामांना तिथे परदेशी पदवीची सरकारी मान्यता लागते. ती नसेल तर 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द आपल्या नावापुढे लावायलाही कायद्याने मनाई आहे. पहिल्याच आठवड्यात एका फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना आला आणि माझं पेन थांबलं. आठ वर्षं रुग्ण तपासलेली मी, त्या रकान्यात काय लिहू? त्या दिवशी मी तो कोरा सोडला. ते अजून आठवतं.

मान्यतेसाठी ते आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात, आणि हिशेब तासांचा असतो. त्यांच्याकडे नुसत्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचे १६०० तास. माझ्या मार्कशीटवर मार्क होते, तास कुठेच नव्हते. कोणता विषय किती तास शिकवला, इंटर्नशिपमध्ये कुठल्या विभागात किती तास काम केलं, याचं सही-शिक्क्याचं पत्र कॉलेजकडून परदेशात बसून मागवताना माझे सात महिने गेले. त्यानंतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर. मग निर्णय आला: अमुक विषय कमी पडतात, परीक्षा द्या किंवा पूरक प्रशिक्षण घ्या. मी प्रशिक्षण घेतलं. भाषेची बी-२ पातळी (सहा पातळ्यांतली चौथी) लागते, ती वेगळी.

मधल्या काळात मी एका फिजिओथेरपी केंद्राच्या रिसेप्शनवर अर्धवेळ काम केलं. घरच्यांना ते रुचलं नाही. पण माझी खरी भाषा तिथेच तयार झाली. चमक निघते, ठणकतं, कळ येते, मुंग्या येतात, पाय जड वाटतो, हे माणसं कशी बोलतात ते क्लासच्या पुस्तकात नव्हतं. फोनवर वेळ देता देता मी हे शब्द वहीत टिपायचे. मान्यता मिळाल्यावर पहिल्या रुग्णासमोर बसले तेव्हा ती वही मनात पाठ होती. आपल्या क्षेत्राच्या जवळचं कुठलंही काम मिळालं तर घ्या, हुद्दा बघू नका, असं मी म्हणते ते म्हणून.

कंपनीकडे काय मागायचं? जोडीदाराच्या भाषेच्या क्लासची फी, पदवीच्या मान्यतेचा आणि भाषांतराचा खर्च, व्हिसाबद्दल वकिलाचा सल्ला. घरभाड्याची नि विमानाच्या तिकिटांची बोलणी चालतात, त्याच मेलमध्ये हे मागावं, आणि मिळेल ते करारात लिहून घ्यावं. आम्ही मागितलं नव्हतं. मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या खर्चाचा भार आमच्यावर पडला, आणि नवऱ्याच्या पगारातून माझ्या क्लासची फी भरताना मला जो संकोच वाटायचा, तो तुमच्यापैकी कुणाला वाटू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि तुमचं क्षेत्र मान्यता लागणाऱ्यांपैकी असेल, तर देश सोडायच्या आधीच कॉलेजात स्वतः जाऊन ते तासांचं पत्र घ्या. दोन प्रती घ्या, दोन्हींवर शिक्का.