दुसऱ्याच्या सोन्याचा आवाज

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या संकलनाच्या खोलीत गेले तीन आठवडे एक चौदा सेकंदांचे दृश्य अडकून पडले आहे. मुशीतले, म्हणजे वितळवायच्या भांड्यातले, सोने थंड होताना त्याचा लालभडक रंग ओसरतो आणि एका क्षणी ते पिवळे होते, एवढेच त्यात आहे. ते काठमांडूतच चित्रित केले आहे आणि काम करणारे हातही खरे आहेत. तरीही ते माहितीपटात कसे ठेवावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

विषय आमच्याच जिल्ह्यातला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी पिढ्यानपिढ्या देशभर पांगली. मोडीचे दागिने, कानशीचा कीस, अगदी सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा वितळवून त्यातले शुद्ध सोने वेगळे करायचे, असा हा धंदा. विट्याजवळच्या एका गावचे गलाईवाले, ज्यांना सगळेच नाना म्हणतात, ते तीसेक वर्षांपूर्वी सीमा ओलांडून काठमांडूत स्थिरावले. त्यांच्या कामाचा एक दिवस टिपायला मी, माझा मदतनीस आणि मिरजेचा एक ध्वनिमुद्रक असे आम्ही तिघे गेलो होतो.

पैसे देणाऱ्या संस्थेची अट एकच होती, ती म्हणजे परदेश दिसला पाहिजे. माणसाचे काम कळण्यासाठी त्याच्या मागे बर्फाचा डोंगर कशाला हवा, असे मी त्यांना विचारले नाही, कारण दुसरा हप्ता यायचा होता. म्हणून त्या दिवशी पहाटे ध्वनिमुद्रकाला नानांच्या भट्टीकडे धाडून मी मदतनिसाबरोबर टेकडीवरच्या स्वयंभू स्तूपाच्या ३६५ पायऱ्या चढलो. वर धुके होते. डोंगर नव्हताच, शहरही अर्धेच दिसत होते, आणि माकडांनी मदतनिसाच्या पिशवीतली केळी नेली. तरीही धुके हटेल या आशेने मी थांबलो, आणि तिथेच दिवस बिघडला.

नानांनी आदल्या रात्री बजावले होते की मूस दहाला भट्टीत जाईल. नेपाळचे घड्याळ आपल्या पंधरा मिनिटे पुढे चालते, हे विमानातून उतरताना मीच सहकाऱ्यांना सांगितले होते. माझ्या मनगटावरच्या घड्याळाचे काटे फिरवायचे मात्र राहिले होते. मी बरोबर दहाला, म्हणजे तिथल्या सव्वादहाला, भट्टीच्या दारात उभा राहिलो तेव्हा सोने तराजूत होते आणि गिऱ्हाईक चिठ्ठी खिशात घालत होते. ध्वनिमुद्रक वेळेवर हजर असल्याने त्याने सारे मुद्रित केले होते. हवेच्या झोताची घरघर, मुशीला लागलेल्या चिमट्याचा नाद, आणि शेवटी गिऱ्हाइकाने श्वास रोखून विचारलेले ‘कति भयो?’ किती झाले, एवढाच त्याचा अर्थ, पण त्या दोन शब्दांत एका घराची सारी शिल्लक ऐकू येते.

आमच्या क्षेत्रात असे झाले की करायची गोष्ट ठरलेली असते. माणसाला विनंती करायची की तेवढे एकदा परत करून दाखवा. शेतकऱ्याकडून पुन्हा नांगर धरवतात, म्हातारीकडून पुन्हा भाकरी थापवतात. मीही हे अनेकदा केले आहे आणि त्यात कधी काही वावगे वाटले नाही. गिऱ्हाईक तयारही झाले असते. नाना मात्र म्हणाले, “सर, त्यो वजन घिऊन उठला. आता त्या सोन्याला माझा हात लागायचा न्हाई.” पुन्हा वितळवले की थोडी का होईना, घट येते. मी म्हणालो की ती घट मी पैशाने भरून देतो. हे बोलायला नको होते. नाना रागावले नाहीत, त्यांनी फक्त तराजूचे झाकण लावले आणि “जेवून या,” एवढेच म्हणाले.

मग दुपार मोकळी मिळाली आणि मी कॅमेरा न घेता हिंडलो. असनच्या चौकात सहा रस्ते येऊन मिळतात आणि अन्नपूर्णेच्या देवळाला खेटून पितळेची भांडी, सुकी मासळी आणि मसाल्यांची पोती मांडलेली असतात. हळदीला तिथे बेसार म्हणतात. सांगलीचा माणूस हळद पाहून पुढे जाऊ शकत नाही, म्हणून मी चिमूटभर तळहातावर चोळून पाहिली आणि दुकानदाराने मला गिऱ्हाईक समजून भाव सांगितला. पाट्या सगळ्या देवनागरीत असल्याने आपल्याला वाचता येते आणि कळत काहीच नाही, ही मोठी चमत्कारिक अवस्था असते. ‘सुन चाँदी पसल’ या पाटीपुढे मी बराच वेळ सुनेचा विचार करत उभा होतो, तेव्हा मदतनिसाने सांगितले की सुन म्हणजे सोने आणि पसल म्हणजे दुकान. नानांनी नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. तिथल्या दरपत्रकात वर्षानुवर्षे दोन भाव छापून येत, एक छापावाल सोन्याचा आणि दुसरा तेजाबी सोन्याचा. तेजाबी म्हणजे तेजाबातून, तीव्र आम्लातून काढलेले, अर्थात नानांसारख्यांच्या भट्टीतले.

वसंतपूरच्या बाजूला काष्ठमंडप नावाचा जुना लाकडी मंडप आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो पूर्ण कोसळला आणि नंतर पुन्हा उभारला गेला. त्या भूकंपाच्या रात्री नाना टुंडिखेलच्या मैदानावर हजारो लोकांबरोबर उघड्यावर झोपले होते. स्वतःची ट्रंक खोलीत राहिली होती, पण गिऱ्हाइकांच्या सोन्याच्या पुड्या धोतराच्या पट्ट्यात कमरेला बांधलेल्या होत्या. हे त्यांनी मला संध्याकाळी, मुद्दाम नव्हे, भट्टी पेटवता पेटवता सांगितले. सकाळी मी कोणत्या माणसाला घटीचे पैसे देऊ केले होते, ते मला तेव्हा कळले.

संध्याकाळी मी माझ्या बोटातली अंगठी काढून दिली. सोने माझे, म्हणजे घटही माझी, यावर नाना हसले आणि कबूल झाले. अंगठी लग्नातली, सासऱ्यांनी सांगलीतल्या एका दुकानातून केलेली, हॉलमार्कची सक्ती येण्याच्या कितीतरी आधीची. नानांनी ती कसोटीच्या दगडावर घासली, तेजाबाचा थेंब टाकला, रेघेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वजन केले. ४.९८ ग्रॅम.

नुसत्या तेजाबात टाकून अंगठीतली भेसळ निघत नाही, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. सोने जास्त असेल तर ते आतल्या चांदीतांब्याला स्वतःच्या आड लपवते आणि तेजाब तिथवर पोचत नाही. म्हणून आधी त्यात जवळजवळ तिप्पट चांदी मिसळून सोन्याचा हिस्सा चौथाईवर आणावा लागतो. शुद्ध करायचे म्हणून आधी पातळ करायचे. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि दाणे गरम तेजाबात सोडतात. तांबूस धूर उठतो. मी भिंगावर साधी काच चढवली आणि तोंडाला ओला रुमाल बांधला. नानांनी काही बांधले नाही. चांदी आणि तांबे विरघळून गेल्यावर तळाशी जे उरते ते सोने असते, पण ते पिवळे नसते. कपात राहिलेल्या चहाच्या गाळासारखा तपकिरी चिखल असतो तो. कॅमेऱ्यात तो इतका क्षुद्र दिसत होता की मी मदतनिसाला दोनदा विचारले, प्रकाश पुरेसा आहे ना.

चिखल धुऊन, वाळवून, सवागी, म्हणजे टाकणखार, टाकून मुशीत गेला. भट्टीतल्या सोन्याला धरून प्रकाश ठेवला तर खोली काळीठिक्कर पडते आणि नानांच्या चेहऱ्याला धरला तर सोन्याच्या जागी पांढरे भोक दिसते. मी चेहरा सोडला. रंगांचे गणित कॅमेऱ्यावर न सोपवता हाताने बांधले, कारण कॅमेऱ्याला आपोआप ठरवू दिले तर तो नेमक्या त्या क्षणी लाल मारून टाकतो. आणि मग ते चौदा सेकंद मिळाले. वजन भरले ४.१३ ग्रॅम, म्हणजे अंगठीत शंभरातले त्र्याऐंशी भागच शुद्ध सोने. “त्र्याऐंशी टंच,” नाना हळूच म्हणाले, “बावीस क्यारेट म्हंजे ब्याण्णवाच्या आसपास पायजे हुतं.” घरी बायकोने ट्रंकेतून पावती शोधून काढली, तीवर हाताने २२ कॅरेट लिहिलेले आहे. सासरे ऐंशीचे आहेत. त्यांनी पहिल्या खेळाला येणार असे सांगून ठेवले आहे, म्हणून टंचाचा आकडा मी कापला.

पेच वेगळाच आहे. अंगठीच्या वेळचा आवाज कोरडा आहे, कारण तिथे कोणाचाही जीव टांगणीला लागलेला नव्हता. सकाळच्या आवाजात मात्र सगळे आहे. एका रात्री मी सकाळचा आवाज संध्याकाळच्या चित्रावर बसवला आणि तो असा बसला की मलाच शहारा आला. ध्वनिमुद्रकाला फोनवर ऐकवले. सतारमेकर गल्लीजवळ वाढलेला हा माणूस कानाचा फार पक्का आहे, पण तो म्हणाला, सर्वजण असेच करतात. ते खरेच आहे.

दसऱ्याला नाना गावी आले. विट्याच्या पालख्यांची शर्यत ते सहसा चुकवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगलीत आले तेव्हा मी त्यांना काही न सांगता ते दृश्य दाखवले. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, “परत लावा.” दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी विचारले, “चार ग्रामाला एवढी हवा कोण मारतं, सर? ह्यो आवाज तर त्या सकाळच्या गिऱ्हाइकाचा हाय.”

सध्या त्या चित्राखाली अंगठीचा स्वतःचा आवाज लावला आहे. पैसे देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी काल कच्चे संकलन पाहिले आणि दोन सूचना पाठवल्या. डोंगर कुठे आहे, असे त्यांनी विचारले आहे, आणि सोने पिवळे होते तिथे आवाज फार कमी वाटतो, तो जरा वाढवता येईल का.