सहावी चौकट कुठे गेली? कॅसँड्राचे अलर्ट लावताना आलेला माझा अनुभव

कॅसँड्रा हा डेटा अनेक मशिनींवर वाटून ठेवणारा डेटाबेस, त्यातलं एकेक मशीन म्हणजे नोड. आमच्या सहा नोडच्या कॅसँड्रा क्लस्टरवर नजर ठेवायची सोय करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी दोन दिवस लागतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सतरा लागले. त्यातले तीन दिवस एकाच प्रश्नाने खाल्ले: नोड बंद आहे, मग फोन का वाजत नाही? त्या तीन दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

सुरुवातीचं काम पटकन झालं. प्रत्येक नोडवर कॅसँड्राचे आतले (जेएमएक्सवरचे) आकडे बाहेर देणारा जेएमएक्स एक्स्पोर्टर, दर 15 सेकंदांनी ते आकडे ओढून साठवणारा प्रोमीथियस, ते चित्रात दाखवायला ग्राफानावर डॅशबोर्ड आणि ऑन-कॉल, म्हणजे त्या वेळी ड्युटीवर, असेल त्याचा फोन वाजवायला अलर्टमॅनेजर. पहिला रूल, म्हणजे अलर्ट कधी द्यायचा याचा नियम, अगदी साधा होता. प्रोमीथियस प्रत्येक नोडसाठी ‘अप’ नावाचा आकडा ठेवतो, नोडकडून आकडे मिळाले तर 1, नाही मिळाले तर 0. हा आकडा दोन मिनिटं 0 राहिला की अलर्ट.

मग चाचणी. आमचे नोड कुबरनेटीस ही यंत्रणा चालवते, प्रत्येक नोड एका पॉडमध्ये. टीमला आधी कळवलं आणि त्या सहा पॉडपैकी एक खाली घेतला. फोन समोर ठेवून बसले. दोन मिनिटं गेली, पाच गेली, दहा गेली, फोन गप्प. दुसऱ्या नोडवर जाऊन कॅसँड्राची ‘नोडटूल स्टेटस’ ही कमांड चालवून पाहिली, तर तिथे त्या नोडच्या ओळीपुढे स्वच्छ ‘डीएन’, म्हणजे डाउन. कॅसँड्राला माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त ज्या यंत्रणेने सांगायचं तिलाच पत्ता नव्हता.

पहिला संशय अलर्टमॅनेजरवर गेला. हाताने एक खोटा अलर्ट त्याच्याकडे पाठवला, अर्ध्या मिनिटात फोन वाजला. म्हणजे तिथून पुढची वाट मोकळी होती. मग वाटलं, दोन मिनिटांची अट कुठेतरी अडतेय. ती काढूनच टाकली, तरी काही नाही. तो सगळा दिवस मी कॉन्फिगच्या फायली वर-खाली करण्यात घालवला. तुम्ही तसं करू नका. रूलमधलं एक्स्प्रेशन, म्हणजे अटीची ओळ, जसंच्या तसं प्रोमीथियसच्या पानावर टाका आणि उत्तर काय येतं ते आधी बघा.

मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. उत्तर रिकामं आलं. मग अट काढून नुसतं ‘अप’ विचारलं, तर पाच ओळी आल्या आणि पाचही ओळींत 1. सहावी ओळ नव्हतीच. ग्राफानावर गेले, तिथे पाच हिरव्या चौकटी एका रांगेत छान मांडलेल्या. आदल्या दिवशी मी त्या पानाकडे निदान वीस वेळा पाहिलं असेल. सगळं हिरवं दिसलं की नजर पुढे सरकते, चौकटी मोजायचं कुणाला सुचतं!

कारण कळल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोणकोणत्या पॉडकडून आकडे ओढायचे ही यादी प्रोमीथियस कुबरनेटीसकडूनच घेत होता. पॉड गेला की त्याचं नाव यादीतून जातं. यादीत नाव नाही म्हणजे विचारणा नाही, आणि विचारणाच नाही तर ‘अप’ 0 होणार कसा? यादी हाताने लिहिलेली असती तर तोच रूल बरोबर चालला असता. शून्य असणं आणि मुळात नसणं, प्रोमीथियससाठी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझा रूल फक्त पहिलीच ओळखत होता.

मग रूलमध्ये अपेक्षित संख्या घातली: ज्यांचं ‘अप’ 1 आहे असे नोड मोजा, सहापेक्षा कमी भरले तर अलर्ट. एक पॉड खाली घेतला आणि फोन वाजला. मला इतका आनंद झाला की तिथेच थांबणार होते. पण एक प्रश्न छळत होता, म्हणून चाचणीच्या वेगळ्या क्लस्टरवर सहाच्या सहा पॉड खाली घेतले. अलर्ट गप्प! मोजायला काहीच उरलं नाही की ‘काउंट’चं उत्तर 0 येत नाही, रिकामं येतं, आणि रिकामं हे सहापेक्षा कमी ठरत नाही. एक नोड पडला तर ओरडणारा आणि सगळा डेटाबेस पडला तर गप्प बसणारा रूल मी अभिमानाने लावला होता.

शेवटी जे टिकलं ते असं: ‘काउंट’ऐवजी ‘अप’ची बेरीज, ती सहापेक्षा कमी असेल तर अलर्ट, आणि त्याला ‘ऑर’ने जोडून ‘अ‍ॅबसेंट’, म्हणजे एकही नोंद सापडली नाही तरी अलर्ट. दोन्ही भाग लागतातच. नोड यादीत असून उत्तर देत नसतील तर बेरीज 0 येते आणि पहिला भाग पकडतो. यादीच रिकामी झाली तर दुसरा.

तिसरा दिवस दर दीड मिनिटाला पडणाऱ्या-उठणाऱ्या नोडने घेतला. दोन मिनिटांची अट मधल्या एका चांगल्या आकड्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते, त्यामुळे असा नोड अलर्टला कायम हुलकावणी देतो. त्याच्यासाठी गेल्या दहा मिनिटांची सरासरी बघणारा वेगळा रूल लावला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. मेलेल्या नोडबद्दल जिवंत नोडना विचारा. कॅसँड्राचे नोड दर सेकंदाला आपसात गॉसिप करतात, म्हणजे एकमेकांची खबर घेतात, आणि ‘माझ्या मते किती जण डाउन आहेत’ हा आकडा प्रत्येकाचा फेल्युअर डिटेक्टर जेएमएक्सवर देतो. सगळ्यांच्या उत्तरांतलं सर्वांत मोठं धरा. नेटवर्क मधूनच तुटलं तर प्रोमीथियसला सगळे नोड दिसत असतात, पण नोड एकमेकांना दिसत नाहीत. ते या आकड्यातून कळतं.

आता रात्री कुणाला कधी उठवायचं. आमच्याकडे तीन रॅक, म्हणजे नोडचे तीन गट, प्रत्येकात दोन नोड, प्रत्येक ओळीच्या तीन प्रती, आणि वाचन-लेखन क्वोरमने, म्हणजे तिनातल्या दोन प्रतींनी उत्तर दिलं की पुरे. एक नोड पडला तर वापरणाऱ्याला कळतही नाही, तेव्हा त्यासाठी झोपमोड नको, सकाळी बघायचं तिकीट पुरे. एकाच रॅकमधले दोन्ही पडले तरी चालतं, कारण रॅक नीट लावलेले असतील तर एका रॅकमध्ये एकच प्रत जाते. वेगवेगळ्या रॅकमधले दोन पडले की मात्र सुमारे पाव डेटाचा क्वोरम जातो. तेव्हा ताबडतोब फोन.

खरा फोन मात्र प्रोबच्या जोरावर वाजायला हवा. प्रोब म्हणजे ग्राहकाच्या जागी बसून दर दहा सेकंदांनी एक ओळ लिहून वाचून बघणारा छोटा प्रोग्रॅम. माझा पहिला प्रोब एकच ‘की’ (ओळीची ओळख, जिच्यावरून ती कुठल्या नोडवर जाणार ते ठरतं) वापरायचा. एक की तीनच नोडवर असते, त्यामुळे उरलेल्या तिघांचं काहीही झालं तरी प्रोब हिरवाच. तीन रॅकमधून प्रत्येकी एक नोड घेतला तर आठ जोडण्या होतात, म्हणून नोडटूल गेटएंडपॉइंट्सने कोणती की कुठे जाते ते बघत आठ की निवडल्या, प्रत्येक जोडणीला एक. ड्रायव्हरचा, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीचा, आपोआप पुन्हा प्रयत्न प्रोबमध्ये बंद ठेवा, नाहीतर तो चुका गिळतो. ‘अनअव्हेलेबल’ (पुरेसे नोड चालू नाहीत) आणि ‘टाइमआउट’ (वेळेत उत्तर आलं नाही) दोन्ही मोजा, कारण नोड पडल्यावर गॉसिपला ते कळेपर्यंतच्या काही सेकंदांत फक्त टाइमआउटच येतात. आणि चुकांचा काउंटर प्रोब सुरू होतानाच 0 ने नोंदवा, नाहीतर पहिली चूक होईपर्यंत तो अस्तित्वातच नसतो आणि तीच सहाव्या चौकटीची गोष्ट पुन्हा होते.

हे खरं तर सर्वांत आधी सांगायला हवं होतं: प्रोब क्लस्टरच्या बाहेरच्या नेटवर्कवर चालवायचा असेल तर कॅसँड्राचा 9042 पोर्ट उघडण्याची विनंती पहिल्याच दिवशी टाका. माझी आठ दिवस पडून होती.

एका नोडचं तिकीट सकाळपर्यंत थांबू शकतं असं वर म्हटलं, त्याला एक मर्यादा आहे. पडलेल्या नोडसाठीचं लेखन बाकीचे नोड हिंट म्हणून जपून ठेवतात, पण मूळ सेटिंगप्रमाणे फक्त 3 तास. त्यानंतर परत आलेल्या नोडवर रिपेअर, म्हणजे प्रती पुन्हा जुळवून घेणं, चालवावंच लागतं. म्हणून तिकिटाला दोन तास झाले की त्याचा फोन होतो. आणि नोड 10 दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर तसाच परत आणू नका, बदलून टाका. पुसलेल्या ओळींच्या खुणा जपून ठेवायची मूळ मुदत, ‘जीसी ग्रेस’, तेवढीच आहे. ती उलटली की पुसलेल्या ओळी पुन्हा जिवंत होऊ शकतात.

प्रोमीथियसच पडला तर? त्यासाठी कायम वाजत राहणारा एक अलर्ट ठेवलाय. तो बाहेरच्या सेवेकडे जात राहतो, आणि यायचा थांबला की ती सेवा आम्हाला फोन करते.

डेटाबेस 99.9 टक्के वेळ चालू राहील असं आम्ही कबूल केलंय, म्हणजे 30 दिवसांत जेमतेम 43 मिनिटं बंद राहिला तर चालतं. म्हणून आता दर महिन्याला आम्ही एक नोड मुद्दाम खाली घेतो आणि फोन वाजेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजतो. ही चाचणी चालू असताना एका नोडलाही फोन वाजतो, तिकिटाची वाट बघत नाही. गेल्या वेळी 2 मिनिटं 51 सेकंद लागले. डॅशबोर्डवर आता नोडची नावं कायमची लिहिलेली आहेत, त्यामुळे तेवढा वेळ सहाव्या जागी नावासकट एक करडी चौकट दिसत होती.