एच-४ वर असताना सिटी कॉलेज: बारा युनिट्स आणि त्याआधीची कागदपत्रं

सॅन फ्रान्सिस्कोतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक प्रश्न हमखास येतो. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे, ईएडी (काम करण्याचा परवाना) हातात आलंय, बी.कॉम. झालंय, मूल लहान आहे, आता काय करू? उत्तरंही ठरलेली. कुणी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स सुचवतं, कुणी एखाद्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट, ज्याची फी ऐकून नवरा आधी खुर्ची शोधतो. शहराच्या सिटी कॉलेजचं नाव फारसं निघत नाही, आणि निघालंच तर कुणीतरी विचारतं, "ते बंद पडणार होतं ना?"

ते अगदीच खोटं नाही. १९३५ पासून चालू असलेल्या या कॉलेजची मान्यता २०१२ पासून टांगणीला लागली होती. कारभाराची आणि पैशांची घडी विस्कटली होती, विद्यार्थी गळत गेले. २०१७ च्या जानेवारीत मान्यता पुन्हा पक्की झाली आणि त्याच वर्षी 'फ्री सिटी' ही फीमाफीची योजना सुरू झाली. २०१६ च्या नोव्हेंबरात मतदारांनी पन्नास लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तांच्या विक्रीवरचा कर वाढवला होता. त्या उत्पन्नाच्या जोरावर शहरात राहणाऱ्यांची सिटी कॉलेजची फी शहर भरू लागलं. म्हणजे कुणा धनिकाचा बंगला विकला जातो आणि माझ्यासारखीची फी निघते. हा हिशेब मला फार आवडतो.

मला प्रीस्कूलमध्ये शिकवायचं होतं. कॅलिफोर्नियात खाजगी प्रीस्कूलमध्ये पूर्ण शिक्षिका म्हणून उभं राहायला बालविकासाची बारा युनिट्स (कॉलेजचे क्रेडिट) लागतात: बालकाची वाढ, मूल-कुटुंब-समाज, आणि अभ्यासक्रमाचे विषय. फी दर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे बारांचे ५५२. हे परवडण्यासारखं आहे. खरी मेख पुढे आहे. तुम्ही राज्याचे रहिवासी ठरला नाहीत, तर दर युनिटमागे आणखी दोनशेच्या वर डॉलर लागतात आणि फ्री सिटीही मिळत नाही. सगळं गाडं त्या एका शब्दापाशी, 'रेसिडेंट'पाशी, येऊन थांबतं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. ग्रीन कार्ड नाही म्हणजे रेसिडेन्सी नाही, असं नाही. बी (पाहुण्यांच्या) किंवा एफ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर ती मिळत नाही, पण एच-१बी आणि एच-४ वर मिळू शकते. अट अशी की सेमिस्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झालेलं हवं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसायला हवा. फ्री सिटीसाठी शिवाय शहरातला पत्ता.

इरादा माझ्याकडे भरपूर होता. कागद मात्र सगळे नवऱ्याचे. भाडेकरार त्याच्या नावावर, त्यात मी 'ऑक्युपंट', म्हणजे नुसती राहणारी. वीजबिल त्याचं, गाडी त्याची, फोनसुद्धा त्याच्या फॅमिली प्लॅनवर. २०१८ च्या उन्हाळ्यात मी ही अख्खी फाइल घेऊन कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीशी उभी राहिले. समोरच्या बाई मुळीच खडूस नव्हत्या. त्या एकेक कागद उचलत, नावाच्या ओळीवर पेनाचं टोक टेकवत आणि तो डावीकडे ठेवत. डावीकडचा गठ्ठा वाढत गेला. मग त्यांनी विचारलं, "यात तुमच्या नावाचं काय आहे?"

होतं थोडंसं. ड्रायव्हिंग लायसन्स, ज्यावर दिलेली तारीख वर्षापूर्वीची होती. जॉइंट खात्याची बँक स्टेटमेंट्स. आणि सगळ्यात वजनदार निघालं ते राज्याचं टॅक्स रिटर्न, फॉर्म ५४०, कारण आम्ही ते दोघांच्या नावाने भरलं होतं. तेवढ्यावर काम झालं. तेव्हा नव्याने आलेल्या मैत्रिणींनो, घर घेताना करारात भाडेकरू म्हणून स्वतःचं नाव घालून घ्या, एखादं तरी बिल स्वतःच्या नावावर करा, आणि लायसन्स "नंतर बघू" म्हणून लांबवू नका. वर्ष त्या तारखांपासूनच मोजायला सोपं जातं.

बाकी अर्ज ऑनलाइन, त्यात सांगण्यासारखं काही नाही. काउन्सेलरला मात्र जरूर भेटा, कारण कोणता विषय आधी घ्यायचा हे कॅटलॉग वाचून कळत नाही. पत्ता शोधताना एक: मुख्य कॅम्पससमोरच्या फेलन अव्हेन्यूचं नाव २०१८ मध्ये फ्रिडा काहलो वे झालं, जुन्या कागदांवर जुनंच सापडतं. मी शहरातल्या सनसेट भागातून २९ नंबरची बस धरायचे.

फ्री सिटीतली एक अट बारीक अक्षरांत असते. वर्ग सोडायचा तर ठरलेल्या मुदतीच्या आत सोडा. नंतर सोडलात तर माफ झालेल्या फीचं बिल तुमच्या नावावर येतं. पुस्तकं आणि किरकोळ शुल्कं तर आपलीच. नियम दर सेमिस्टरला नव्याने वाचून घ्या, माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

माझे वर्ग संध्याकाळचे. दिवसभर मुलं सांभाळून आलेल्या बायकाच जास्त. एकीचं घरातच लायसन्सवालं डे-केअर, एक वीस वर्षं सहाय्यक म्हणून काम करून आता कागद मिळवायला आलेली, स्पॅनिश आणि कँटोनीज दोन्ही कानावर. या शहरात प्रीस्कूलच्या शिक्षिका टिकत नाहीत, पगारात घरभाडं बसत नाही. म्हणून केंद्रांना माणसं सतत हवी असतात. २०१८ च्या जूनमध्ये बालसंगोपनासाठी व्यापारी जागांच्या भाड्यावर कर लावायला मतदारांनी मंजुरी दिली, तेव्हा वर्गात त्यावर मोठी चर्चा झाल्याचं आधीच्या तुकडीतल्या बायका सांगायच्या.

पहिल्याच विषयात निरीक्षण शिकवलं. बाईंनी एक छोटा व्हिडिओ दाखवला. चार वर्षांचा मुलगा जगमधून पाणी ओततोय, दुसरी मुलगी जग मागते. काय दिसलं ते लिहा, म्हणाल्या. बहुतेकांनी लिहिलं, "तो चिडला." बाईंनी फळ्यावर ते शब्द लिहिले आणि त्यावर काट मारली. चिडणं कुणाला दिसलं? दिसलं ते एवढंच: भुवया आवळल्या, जग दोन्ही हातांनी छातीशी धरला, मुलीकडे पाठ केली. पुन्हा व्हिडिओ लावला. आता दिसलं की पाठ करून तो दुसरा पेला शोधत होता. त्या दिवसापासून घरी माझ्या पोरीला मी "हट्टी" म्हणणं बरंच कमी केलंय. (बरंच. पूर्ण नाही.)

एका निबंधात आपापल्या देशातल्या बालशिक्षणावर लिहायचं होतं. मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर लिहिलं. १९४५ मध्ये बोर्डीत सुरू झालेलं काम, पुढे कोसबाडला गेलेलं, आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेणारं. माँटेसोरीची महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून बिया, शंख, पानं वापरणारं. वीस वर्षांच्या अनुभववाल्या त्या बाईंनी वर्गानंतर माझ्याकडून नावं लिहून घेतली.

युनिट्स झाली म्हणजे झालं असं समजू नका. कामावर घेण्याआधी लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे, टीबीची तपासणी, आणि गोवर, डांग्या खोकला, फ्लू यांच्या लसींचा पुरावा मागतात. माझं लसींचं लहानपणीचं कार्ड कुठल्या माळ्यावर आहे ते आईलाही ठाऊक नाही. रक्ताच्या तपासणीत गोवराची प्रतिकारशक्ती निघाली, तो रिपोर्ट चालला. आणि शिकायला ईएडी लागत नाही, पगार घ्यायला लागतं. त्यामुळे ईएडी येईपर्यंत बसून राहू नका, युनिट्स आधी करून ठेवा.

सध्या मी एका लहान प्रीस्कूलमध्ये आहे आणि राज्याचं असोसिएट टीचरचं परमिटही घेतलंय. ते पाच वर्षांचं असतं आणि आणखी पंधरा युनिट्स केली तर एकदाच नूतनीकरण होतं. त्यापुढच्या टीचर परमिटला बालविकासाची चोवीस आणि सामान्य विषयांची सोळा युनिट्स लागतात. ती सोळा माझ्या बी.कॉम.मधून निघावीत अशी आशा आहे. त्यासाठी राज्याने मान्य केलेल्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्याला कोल्हापूरहून ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रकं) हव्यात. ते काम सध्या भावाच्या गळ्यात आहे. त्याचं झालं की पुढचा भाग लिहीन.