तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात ऑल-व्हील-ड्राइव्ह कशाला?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, परवा तर डेंटिस्टकडे नंबर यायची वाट बघतानाही हाच प्रश्न आला: "ताई, कोथरूडात राहून ऑल-व्हील-ड्राइव्ह कशाला घेतलीत? आणि टिकते का हो ती? एकदा बिघडली की लाखाखाली सुटका नाही म्हणतात."

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. माझं माहेर श्रीवर्धनजवळ. आई तिथे एकटी असते आणि मी महिन्यातून दोनदा जाते, भर पावसातही. ताम्हिणी घाट चांगल्या टायरांची कुठलीही गाडी पार करते, त्यासाठी ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी यंत्रणा, लागत नाही. अडायचं ते अगदी शेवटी, घराच्या चढावर. जांभ्याची पाखाडी, जुलैत तिच्यावर हिरवंगार शेवाळ, वर आंब्याचा कुजलेला पाचोळा. आधीची गाडी पुढच्या चाकांवर चालायची. चढावर भार मागे गेला की पुढची चाकं जागच्या जागी फिरायची. मग गाडी खाली लावायची आणि आईची औषधं, किराणा, सगळं भिजत वर न्यायचं. आताच्या गाडीचं पुढचं चाक जरासं घसरतं, समोर पिवळा दिवा लुकलुकतो, आणि मागून कुणी खांदा लावावा तशी गाडी वर येते.

दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ द्या, कारण पैसे तिथेच जातात. ऑल-व्हील-ड्राइव्ह सगळी एकसारखी नसते. माझ्या गाडीसारख्या आडव्या इंजिनाच्या क्रॉसओव्हरमध्ये (एसयूव्हीसारखी उंच, पण साध्या कारच्या सांगाड्यावरची गाडी) एरवी बहुतेक काम पुढची चाकंच करतात. मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या, तोंडाशी तेलात बुडालेला, अनेक पातळ चकत्यांचा क्लच असतो. पुढचं चाक घसरलं, किंवा घसरेल असं संगणकाला वाटलं, की छोटा पंप त्या चकत्या एकमेकींवर दाबतो आणि ताकद मागे जाते. हॅल्डेक्स या स्वीडिश नावाने ही रचना १९९८ पासून गाड्यांमध्ये आली आणि पुढे कितीतरी कंपन्यांनी वापरली. चकत्या घासतात, तेल काळं पडतं, पंपाच्या जाळीत गाळ अडकतो. म्हणजे ते तेल बदलायलाच हवं. काही कंपन्या अशा तेलाला आयुष्यभराचं म्हणतात. मला ते पटत नाही. मी दर ५० हजार किलोमीटरला तेल बदलते आणि जाळी साफ करून घेते.

हे मी शिकले ते एका टायरपायी. पौड रोडच्या एका खड्ड्याच्या धारेने पुढच्या डाव्या टायरची बाजू कापली गेली. टायरवाला म्हणाला, "पुढे दोन नवे टाकू, मागचे अजून वर्षभर जातील." मी हो म्हटलं. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर, मागच्यांची राहिलेली ४. वरखाली मिळून व्यासात ८ मिलिमीटरचा फरक, परिघात सुमारे २५ मिलिमीटरचा. म्हणजे मागची चाकं दर किलोमीटरला पुढच्यांपेक्षा पाचेक फेरे जास्त मारणार. श्रीवर्धनच्या एका फेरीत हा फरक शेकड्यांत जातो, आणि क्लच दाबला गेला की तो सगळा त्या चकत्यांनी सोसायचा.

चारेक महिन्यांत बेसमेंटच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापलं की गाडी थरथरू लागली. हँडब्रेक अर्धवट राहिल्यासारखी अडायची, मागून घर्र आवाज यायचा. मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "टायर कधी बदललेत?" मग मापाने चारही टायरांची खोली मोजली. तेल काढलं तर काळंभोर, जळका वास येणारं. मागे दोन नवे टायर टाकले. तेल, जाळी आणि मजुरी २५ हजारांच्या आत झाली. आणखी सहा महिने तशीच चालवली असती तर अख्खा क्लच गेला असता, आणि लोक म्हणतात तो लाख खरा ठरला असता.

एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगते. ही यंत्रणा गाडी पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. घाट उतरताना ओल्या रस्त्यावर तुम्हाला तारणार ते टायर आणि खालचा गिअर. पुराच्या पाण्यातही तिचा उपयोग नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाच्या विसर्गाने सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेलं की चार चाकं फिरवणारी गाडीही बंदच. ती पुन्हा चालू करून बघू नका, आतलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि उचलून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. दोन चाकं रस्त्यावर घासत नेऊ देऊ नका.

लक्झरीचं म्हणाल, तर मी रोज दुवा देते तो ३६० अंशांच्या कॅमेऱ्याला. तुळशीबागेच्या आसपास गाडी वळवायची तर तो हवाच. पॅनोरमिक सनरूफ मी पुन्हा घेणार नाही. त्याच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या गुलमोहराच्या पानांनी तुंबल्या आणि पुढच्या खांबातून पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरलं. आता मे महिन्यात पातळ नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत घालून त्या मोकळ्या करते. जोराची हवा मारायची नाही, नळी सांध्यातून निसटते. पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची आहे ती सीटची उंची, जिचं जाहिरातीत कुणी नावही घेत नाही. आईचे गुडघे दुखतात. ती साडी सावरत आडवी टेकते, मग दोन्ही पाय आत घेते. ना खाली वाकायचं, ना वर चढायचं.

जुनी गाडी बघायला निघाला असाल, तर आधी चारही टायरांवरचा चार अंकी आकडा वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. एकाच एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन कंपन्यांचे टायर असतील तर मालकाला कारण विचारा. मग इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण कापून हळूहळू दोन गोल फिरवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एसी आणि गाणी बंद ठेवा, काच खाली करा, आणि मागून काय ऐकू येतं त्याकडे कान द्या.