ट्रॅक्टर डिझेल जास्त पितोय? माझ्या तपासणीचा क्रम

४५ एचपी, तीन सिलिंडर, मागे रोटाव्हेटर. तासाला सहा लिटरच्या आत चालणारा ट्रॅक्टर साडेसातवर गेला. ‘डिझेल पंप काढा’ हा सल्ला लगेच मिळतो. मी तो शेवटी ठेवला.

आधी आकडा खरा आहे का ते पाहिलं. सपाट जागी टाकी गळ्यापर्यंत भरली, फेस बसू दिला, चार तास रोटर मारला आणि त्याच जागी मापाने परत भरली. ३०.४ लिटर बसलं, म्हणजे तासाला ७.६. तास घड्याळावर धरले. जुना अवर मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, रेस कमी ठेवली की मागे पडतो.

पाइप, फिल्टर कोरडे होते. डिपस्टिकवर ऑइल चढलेलं नव्हतं. चढलं असतं आणि डिझेलचा वास आला असता तर डिझेल इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय, असं धरून चाललो असतो.

लोडवर काळा धूर होता. म्हणजे हवा कमी, नाहीतर फवारा खराब. एअर क्लीनरच्या (हवा गाळणाऱ्या डब्याच्या) ऑइलच्या वाटीत बोटभर चिखल निघाला. जाळी धुतली, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरलं (वर गेलं तर इंजिन ते ओढतं). पुन्हा चार तास: ७.१.

मग स्लो रेसवर नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचे नट एकेक करून अर्धा आटा सैल केले. पहिल्या-तिसऱ्याला इंजिन लगेच अडखळलं, दुसऱ्याला आवाजात फारसा फरक नाही, म्हणजे तो सिलिंडर आधीच नीट चालत नव्हता. कॉमन रेल इंजिनवर (ज्यात पाइपमध्ये सतत फार जास्त दाबाचं डिझेल असतं) हे कधीही करू नका, तो फवारा कातडी भेदतो. नोझल काढून टेस्टरवर लावले, दोन २०० बार दाबाच्या आसपास उघडले. दुसऱ्या सिलिंडरचा १६० लाच, शिवाय टोकाला थेंब लोंबता. असं जाड थेंबांचं डिझेल पुरतं जळत नाही, काळा धूर होऊन जातं. नोझल बदलला, शिम (पातळ चकती) टाकून प्रेशर बसवलं, तांब्याचे वॉशर तिन्हीकडे नवे. जुना वॉशर दाबला गेलेला असतो, तिथून कॉम्प्रेशन गळतं. आता ६.२.

उरलेलं भलतीकडेच सापडलं. काम करून आल्यावर डाव्या ब्रेकच्या हाउसिंगवर हात ठेववेना, उजवं कोमट. पेडलला फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) उरलाच नव्हता, म्हणजे ब्रेक कायम घासत होता. दोन्ही पेडल सारखे सेट केले आणि टाकी पुन्हा भरली: चार तासांना २३.२ लिटर.

पंपाचं सील तसंच आहे.